एक चर्च, अनेक भाषा : मुंबईतील धर्मग्रामाचा रविवार

मुंबईतील बहुतेक कॅथलिक चर्चच्या दर्शनी भागात एक साधा फलक असतो. शनिवार सायंकाळपासून रविवार सायंकाळपर्यंतच्या मिस्सांच्या वेळा आणि त्यांच्या भाषा त्यावर लिहिलेल्या असतात. पहाटे एक भाषा, आठच्या सुमारास दुसरी, मग मुलांची मिस्सा, त्यानंतर एखादी तिसरी भाषा आणि सायंकाळी पुन्हा इंग्रजी, असा त्याचा सर्वसाधारण आराखडा. बाहेरच्या माणसाला ते निव्वळ वेळापत्रक वाटते. प्रत्यक्षात त्या परिसरात कोण आधी आले, कोण नंतर आले, कोणाची संख्या वाढली आणि कोणाची मुले आता आईवडिलांच्या भाषेत प्रार्थना करीत नाहीत, याची नोंदच तेथे असते. रविवारी सकाळची सोयीची वेळ कोणत्या भाषेला मिळावी, या प्रश्नावर धर्मग्रामाच्या बैठका रंगतात त्या उगीच नव्हेत.

धर्मग्राम म्हणजे काय?

कॅथलिक चर्चची सर्वांत लहान कायम स्वरूपाची घटक संस्था म्हणजे धर्मग्राम, अर्थात पॅरिश. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख बिशप असतो. मुंबईचा धर्मप्रांत 1886 पासून महाधर्मप्रांत असून मुंबई शहर, उपनगरे, ठाणे व रायगड हा त्याचा मुख्य प्रदेश आहे. वसईचा वेगळा धर्मप्रांत 1998 साली त्यातूनच निर्माण झाला.

1983 साली लागू झालेल्या चर्चच्या कायदेसंहितेनुसार धर्मग्राम हा सर्वसाधारणपणे भौगोलिक असतो. ठरावीक हद्दीत राहणारे सर्व कॅथलिक त्याचे सदस्य. मग ते गोव्याचे असोत, मंगळूरचे असोत की तमिळनाडूचे. मात्र कलम 518 मध्ये एक सवलत आहे. आवश्यकता भासल्यास उपासनापद्धती, भाषा किंवा राष्ट्रीयत्व यांच्या आधारावरही धर्मग्राम स्थापन करता येतो. म्हणजे एका शहरात तमिळ भाषकांसाठी स्वतंत्र धर्मग्राम असण्यास कायद्याची आडकाठी नाही. तरीही मुंबईत सामान्यतः स्वीकारला गेलेला मार्ग वेगळा आहे. हद्द एक, चर्च एक, धर्मगुरूंचा संच एक आणि भाषेनुसार मिस्सा वेगळ्या. या एका निर्णयातून पुढचे सारे प्रश्न उद्भवतात.

येथे भाषा आणि उपासनापद्धती यांची गल्लत होऊ देता कामा नये. केरळमधील सिरो-मलबार चर्च हे रोमशी संलग्न असले, तरी त्याची उपासनापद्धती पूर्वेकडील परंपरेची आहे. त्या पंथाच्या मल्याळी भाविकांसाठी 1988 मध्ये कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. लॅटिन परंपरेतील मल्याळी मात्र शेजाऱ्यांप्रमाणेच स्थानिक धर्मग्रामाचे सदस्य राहतात. त्यामुळे एकाच इमारतीतील दोन मल्याळी कॅथलिक कुटुंबे दोन वेगवेगळ्या बिशपांच्या अधिकाराखाली असू शकतात. परगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगताना त्यांची तारांबळ उडत असेल, तर नवल नाही.

लॅटिनपासून लोकभाषांपर्यंत

उत्तर कोकणात कॅथलिक धर्म रुजला तो सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या काळात. 1534 मध्ये वसईचा प्रदेश त्यांच्या ताब्यात आला आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेईपर्यंत तेथे त्यांचीच सत्ता होती. या काळात ख्रिस्ती झालेल्या कोळी, भंडारी, कुणबी, वाडवळ, सामवेदी आदी समाजांची भाषा मराठीच्याच बोली होत्या आणि आहेत. मुंबई व साष्टीतील त्यांच्या वंशजांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नोकरीधंद्यासाठी गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली वेगळी ओळख राहावी, हा त्यामागील हेतू. म्हणजे एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्यांमधील आपला-परका हा भेद भाषिक मिस्सांच्या कितीतरी आधीचा आहे.

त्याहून जुना वाद अधिकारक्षेत्राचा होता. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील धर्मगुरू आणि रोमने थेट नेमलेले धर्मगुरू अशा दोन यंत्रणा मुंबईत शेजारी-शेजारी नांदत, किंवा खरे तर भांडत, होत्या. 1928 च्या करारानंतर हा दुहेरी अंमल संपला. त्यानंतरही काही काळ मुंबईचे आर्चबिशप एकदा पोर्तुगीज व एकदा ब्रिटिश असावेत अशी व्यवस्था होती. 1950 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि 1953 मध्ये पहिले भारतीय कार्डिनलही.

इतके सगळे होऊनही वेदीवरची भाषा लॅटिनच होती. लोकभाषेला जागा होती ती प्रवचनात, जपमाळेत, गीतांत आणि धर्मशिक्षणात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले, ते भाविकांना धर्म त्यांच्या भाषेत कळावा म्हणूनच. तरी मिस्सेचे शब्द पुढील साडेतीन शतके लॅटिनच राहिले. एका अर्थाने ही समानता होती. गोवेकर, ईस्ट इंडियन आणि तमिळ या तिघांनाही मिस्सा सारखीच अपरिचित होती आणि पाठांतराने सारखीच परिचितही.

हे चित्र बदलले दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. 4 डिसेंबर 1963 रोजी संमत झालेल्या उपासनाविषयक संविधानाने मातृभाषांना वाट मोकळी करून दिली. पुढच्याच वर्षी, 1964 च्या अखेरीस, मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि तिला पोप सहावे पॉल उपस्थित राहिले. 1969 मध्ये नवी मिस्सापद्धती जाहीर झाली. त्याच वर्षी भारतीय बिशपांनी मागितलेल्या काही प्रथांनाही रोमने मान्यता दिली. हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती यांचा त्यांत समावेश होता. आज एखाद्या मराठी मिस्सेत आरतीचे तबक फिरते, ते या परवानगीच्या आधारे.

मातृभाषेचा हक्क मिळाला, पण मुंबईसारख्या शहरात लगेच प्रश्न आला : कोणाच्या मातृभाषेचा? लॅटिन सर्वांचीच परकी होती तोवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

एकच वाचन, वेगळी भाषा

रविवारची मिस्सा कोणत्याही भाषेत असली, तरी तिचा गाभा एकच असतो. प्रारंभीची क्षमायाचना, बायबलमधील वाचने, प्रवचन, विश्वासाचा अंगीकार, विनंतीप्रार्थना, भाकर व द्राक्षारसाचे अर्पण, ख्रिस्तशरीराचा स्वीकार आणि आशीर्वाद असा तिचा क्रम आहे. रविवारी तीन वाचने असतात. बहुतेक वेळा पहिले जुन्या करारातून, दुसरे नव्या करारातील पत्रांतून व तिसरे शुभवर्तमानातून. पहिल्या दोहोंच्या मध्ये स्तोत्र गायले जाते. वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे. एका वर्षी प्रामुख्याने मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. आणि योहानाचे शुभवर्तमान उपवासकाळ व पुनरुत्थानकाळासह तिन्ही वर्षांत विखुरलेले. त्यामुळे पहाटे कोकणीत ऐकलेला उतारा आणि अकरा वाजता तमिळमध्ये ऐकलेला उतारा एकच असतो. घरी जेवताना सासू-सुनांनी दोन भाषांतील दोन प्रवचनांची तुलना करावी, इतपत ही सोय चांगली आहे.

सर्व भाषांत न बदलणारे थोडे शब्दही आहेत. आमेन, आलेलुया, होसान्ना हे हिब्रू आणि ‘किरिये एलेइसोन’ हे ग्रीक. ज्या प्रार्थनेत बाकी काही कळत नाही तेथेही या शब्दांशी माणूस सामील होतो.

भाषांची संख्या वाढली की अडचण येते ती मनुष्यबळाची. कायद्याप्रमाणे धर्मगुरूने दिवसातून एकच मिस्सा करावयाची असते. धर्मगुरू कमी असतील तर बिशप दोन मिस्सांची आणि रविवारी व सणाच्या दिवशी, गरज पडल्यास, तीन मिस्सांची परवानगी देऊ शकतात. दोन-तीन धर्मगुरूंच्या चर्चमध्ये रविवारी किती मिस्सा होऊ शकतील, याला येथेच मर्यादा पडते. त्यातील एक मिस्सा प्रमुख धर्मगुरूने आपल्या समस्त धर्मग्रामासाठी अर्पण करणे बंधनकारक आहे; कोणा एका भाषेच्या गटासाठी नव्हे. शनिवारी सायंकाळची मिस्सा रविवारची म्हणून ग्राह्य धरली जाते. रविवारीही कामावर जाणाऱ्या परिचारिका, हॉटेल कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांना तिचा मोठा आधार आहे.

शिवाय धर्मगुरूला ती भाषा आली पाहिजे. छापील प्रार्थना सरावाने वाचता येतात. प्रवचन तसे देता येत नाही. म्हणून तमिळ किंवा कोकणी मिस्सेसाठी अनेकदा दुसऱ्या धर्मग्रामातून किंवा एखाद्या संन्यासी संघातून धर्मगुरू बोलवावे लागतात. पाहुणे धर्मगुरू मिस्सा आटोपून निघून जातात आणि त्या भाषेच्या लोकांना आठवड्यातील इतर सहा दिवस आपल्या भाषेत बोलणारे कोणी उरत नाही. बहुभाषिक धर्मग्रामातील ही सर्वांत कमी बोलली जाणारी उणीव आहे.

मराठी मिस्सा कोणाची?

फलकावर ‘मराठी’ असा एकच शब्द असतो. पण त्या मिस्सेला बसलेल्या लोकांची मराठी एक नसते. ईस्ट इंडियन कुटुंबातील आजी घरी आपल्या गावठाणाची बोली बोलते. वसईकडून आलेला सामवेदी माणूस घरी कादोडी बोलतो, वाडवळ वाडवळी. या सर्वांच्या तोंडी चर्चमध्ये मात्र प्रमाण मराठी येते. लिखित प्रार्थनेची भाषा आणि चुलीजवळची भाषा यांतील अंतर त्यांना लहानपणापासून सवयीचे आहे.

दुसरा मोठा गट अहिल्यानगर जिल्हा व मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी आलेल्यांचा. तेथील कॅथलिक समाज प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या मिशनकार्यातून उभा राहिला आणि त्यातील बहुसंख्य दलित समाजातील आहेत. त्यांची भक्ती भजन, टाळ, ढोलकीच्या वळणाची. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला त्यांची पावले वळतात. ईस्ट इंडियन गायकवृंदाची ठेवण वेगळी. तिच्यावर पाश्चात्त्य चर्चसंगीताची छाया अधिक. एकाच मराठी मिस्सेत पेटी वाजवावी की ऑर्गन, हा वाद वरवर संगीताचा असतो. त्याखाली जात, जमीनजुमला, जुने रहिवासी आणि झोपडपट्टीत राहणारे नवे रहिवासी, असे बरेच काही दडलेले असते. भाषा एक झाली म्हणजे समाज एक झाला, असे मानणाऱ्यांनी या मिस्सेला एकदा तरी मागच्या बाकावर बसून पाहावे.

मराठीला उपासनेची भाषा म्हणून खरी प्रतिष्ठा मिळाली ती वसईत. तेथील ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. 2020 साली उस्मानाबाद येथे भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा संशोधनाचा विषय तुकोबा होता. मुंबईच्या धर्मग्रामांत मात्र मराठी मिस्सेला ‘कमी शिकलेल्यांची मिस्सा’ असे लेबल नकळत चिकटले आहे. मुले इंग्रजी शाळेत गेली की कुटुंब हळूहळू इंग्रजी मिस्सेकडे सरकते.

कोकणीची कथा निराळी. तेथे प्रश्न लिपीचा आहे. गोव्याच्या चर्चची कोकणी रोमी लिपीत लिहिली जाते, तर मंगळूरच्या कॅथलिकांची कन्नड लिपीत. बोलीतही फरक आहेत. एकाच कोकणी मिस्सेत दोन लिप्यांतील गीतांची पुस्तके उघडलेली दिसतात, आणि पडद्यावर गीत दाखवायचे तर कोणत्या लिपीत, यावर तोडगा निघेपर्यंत अनेकदा गीत संपलेले असते.

या अनुवादांवर अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्नही जुनाच. 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी उपासनेच्या भाषांतरांबाबत स्थानिक बिशप परिषदांची जबाबदारी वाढवली. रोमची संमती अद्याप लागते. पण शब्द निवडण्याचे काम प्रथम त्या भाषेच्या प्रदेशातच व्हावे, ही भूमिका आता अधिक स्पष्ट आहे.

पापनिवेदन आणि मुलांचा वर्ग

रविवारची मिस्सा परक्या भाषेत निभावून नेता येते. काही प्रसंगी तसे होत नाही. पापनिवेदन हा त्यातील पहिला. चर्चच्या कायद्याने कलम 990 मध्ये दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्याची मुभा दिली आहे आणि दुभाष्यालाही गुप्ततेचे बंधन घातले आहे. पण आपली लाज तिसऱ्या माणसाकरवी सांगायला कोण तयार होईल? त्यामुळे उपवासकाळात शेजारच्या धर्मग्रामांतून वेगवेगळ्या भाषा जाणणारे धर्मगुरू एकत्र बोलावले जातात. दुसरा प्रसंग अंत्यविधीचा. आयुष्यभर इंग्रजी मिस्सेला गेलेल्या घरातही मृताच्या उशाशी जपमाळ म्हटली जाते ती बहुधा आजीच्या भाषेत.

खरी कसोटी लागते मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात. साधारण सात-आठ वर्षांच्या वयात मुले प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची तयारी करतात आणि पुढे काही वर्षांनी दृढीकरणाची. शाळेचे माध्यम इंग्रजी, म्हणून वर्गही इंग्रजीत. सोयीचे आहे यात शंका नाही. एका वर्गात पाच भाषांच्या घरांतील मुले बसवायची तर दुसरा मार्ग तरी कोणता? परंतु त्याचा परिणाम असा की, मूल ज्या शब्दांत ‘प्रभूची प्रार्थना’ शिकते ते शब्द घरातील वृद्धांना येत नाहीत. रात्रीची जपमाळ दोन भाषांत अर्धी-अर्धी म्हणण्याची पद्धत काही घरांत पडली आहे. काही घरांत जपमाळच बंद पडली आहे.

गल्लीतील धर्मग्राम

भाषेच्या भिंती सर्वांत कमी जाणवतात त्या चर्चच्या आवाराबाहेर. मुंबई महाधर्मप्रांताने 1980 च्या दशकापासून लघु ख्रिस्ती समूहांवर भर दिला. एका गल्लीतील, चाळीतील किंवा सोसायटीतील कॅथलिक कुटुंबांचा हा गट. रचना पत्त्यावर आधारलेली; भाषेचा तिच्याशी संबंध नाही. आळीपाळीने कोणाच्या तरी घरी जमायचे, शुभवर्तमानातील उतारा वाचायचा, त्यावर बोलायचे आणि शेजारात कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी मुलीचे लग्न ठरले, याची विचारपूस करायची. ज्याच्याकडे जे बायबल असेल त्यातून तो वाचतो. चर्चा हिंदी, इंग्रजी आणि मराठी यांच्या त्या मिश्रणात होते, ज्याला व्याकरण नाही पण ज्याने मुंबईचे सर्व व्यवहार चालतात. या बैठकांना पुरुषांची उपस्थिती कमी असते आणि चहा-खाण्याची बडदास्त घराघरांतील चढाओढीचा विषय होऊन बसते, अशा तक्रारी आहेत. तरीही रविवारी वेगवेगळ्या वेळी चर्चला जाणारी चार भाषांची कुटुंबे एकमेकांना नावाने ओळखतात ती या गटांमुळे.

मदतकार्याचा मोठा भार संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेच्या शाखांवर असतो. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी स्थापन केलेली ही संस्था गरजू घरांना प्रत्यक्ष भेटी देते. धान्य, शाळेची फी, औषधे यांची व्यवस्था पाहते. याखेरीज सोडॅलिटी, लीजन ऑफ मेरी, युवक मंडळ, गायकवृंद. कारभाराच्या दृष्टीने दोन समित्या महत्त्वाच्या. अर्थविषयक समिती प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची आहे. धर्मग्राम परिषद बिशपांच्या निर्णयावर अवलंबून असते आणि तिचे मत केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचे असते. तथापि मिस्सांच्या वेळा, सणाचा खर्च, सभागृहाचे आरक्षण यांवर प्रत्यक्षात चर्चा होते ती या परिषदेतच. तिच्या बैठकीची भाषा बहुधा इंग्रजी असते. मराठी किंवा तमिळ गटाचा प्रतिनिधी बैठकीला येतो, ऐकतो आणि पुष्कळदा काही न बोलता परत जातो.

प्रार्थनेचा आठवडाही केवळ रविवारचा नसतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची नोव्हेना होते. ती दिवसभर वेगवेगळ्या भाषांत चालते आणि तिला अन्य धर्मीयही मोठ्या संख्येने येतात. मे महिन्यात गावठाणांतील क्रुसांपाशी संध्याकाळी जपमाळ म्हटली जाते. यांतील कित्येक क्रूस 1896 नंतरच्या प्लेगच्या साथीत उभारलेले आहेत. प्रार्थनेनंतर उकडलेले चणे वाटण्याची रीत अद्याप टिकून आहे. धोबीतलाव परिसरातील गोवेकरांच्या कुडींत, म्हणजे गावागावांच्या सामायिक निवासांत, सायंकाळची जपमाळ हा शिस्तीचाच भाग असे. बोटीवर नोकरी शोधणारा तरुण तेथे उतरला की त्याला प्रथम आपल्या गावच्या वेदीसमोर गुडघे टेकावे लागत. त्या कुडी म्हणजे एका भाषेचे, एका गावाचे छोटे धर्मग्रामच होते.

एकच तारीख

8 सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. बहुभाषिक धर्मग्राम समजून घ्यायचा तर हा एक दिवस पुरेसा आहे. ईस्ट इंडियन व इतर मुंबईकरांसाठी हा वांद्र्याच्या माउंट मेरीचा सण. त्यानंतरची आठवडाभराची जत्रा सर्वधर्मीयांची. मंगळूरच्या कोकणी कुटुंबांसाठी हाच ‘मोंती फेस्त’. त्याआधी नऊ दिवस मुले मरियेला फुले वाहतात, सणाच्या दिवशी आशीर्वादित नव्या भाताचे दाणे घरी आणून सर्वांनी वाटून खायचे आणि जेवण शाकाहारी असायचे. तमिळ भाविकांसाठी हा वेलंकनी मातेचा दिवस. 29 ऑगस्टला ध्वज चढवून सुरू झालेल्या उत्सवाची सांगता. एकाच धर्मग्रामात एकाच दिवशी या तीन परंपरा समोरासमोर येतात. प्रत्येकाला आपली मिस्सा, आपली मिरवणूक, आपला प्रसाद हवा असतो आणि आवार एकच. जेथे धर्मगुरू चतुर असतात तेथे भाताच्या कणसांचा आशीर्वाद व मिरवणूक एकत्र केली जाते. भाताची पूजा ईस्ट इंडियनांनाही परकी नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा ‘आगेरा’ असतोच.

सणांमध्ये तडजोड ऐच्छिक असते. पवित्र सप्ताहात ती सक्तीची होते. पुनरुत्थानाच्या रात्रीचा जागरणविधी एका चर्चमध्ये एकदाच करावयाचा असतो. वर्षातील सर्वांत मोठ्या रात्री भाषेनुसार वेगळे होण्याची सोयच नाही. मात्र या विधीच्या रचनेतच उत्तर सापडते. त्यात जुन्या करारातील सात वाचने आहेत, पुढे पत्र आणि शुभवर्तमान. एक वाचन मराठीत, एक कोकणीत, एक तमिळमध्ये, एक हिंदीत, अशी वाटणी सहज करता येते. तांबड्या समुद्रातून इस्राएली लोक पार होतात तो उतारा कधीही वगळता येत नाही. तो कोणत्या भाषेला द्यायचा, यावर पुन्हा रस्सीखेच. पुण्य गुरुवारी बारा जणांचे पाय धुतले जातात. 2016 पासून त्यांत स्त्रियांनाही घेण्यास रोमने अनुमती दिली आहे. ते बारा जण निवडताना प्रत्येक भाषेचा एक तरी असावा, याची काळजी घेतली जाते. हे प्रतीकात्मक आहे, हे खरे. परंतु ज्या मावशी वर्षभर शेवटच्या बाकावर बसतात त्यांचे पाय प्रमुख धर्मगुरूंनी सर्वांसमोर धुतले, ही गोष्ट त्यांच्या गल्लीत पुढच्या उपवासकाळापर्यंत सांगितली जाते.

तडजोडीच्या या बहुभाषिक विधींवर टीकाही होते. विनंतीप्रार्थना पाच भाषांत वाचली की प्रत्येकाला एक वाक्य कळते आणि चार वाक्यांचा वेळ मान खाली घालून काढावा लागतो, असे म्हणणारे थोडे नाहीत. पेन्तेकोस्तच्या सणाला हे विशेष जाणवते. त्या दिवशीच्या वाचनात प्रत्येक जण आपापल्या भाषेत ऐकतो, असे वर्णन आहे. चर्चमध्ये मात्र प्रत्येक जण दुसऱ्याची भाषा ऐकत बसतो. यातही काही मोलाचे आहे, असा प्रतिवाद केला जातो. दुसऱ्याची प्रार्थना न कळता ऐकून घेणे हीसुद्धा उपासनाच आहे, असे अनेक धर्मगुरूंचे मत आहे. ते पटो वा न पटो, सलग अर्धा तास ऐकून घेण्याची तयारी ज्यांच्याकडून अपेक्षित असते ते बहुधा अल्पसंख्य भाषकच असतात. इंग्रजी मिस्सेच्या लोकांवर ही वेळ वर्षातून दोन-तीनदाच येते.

भाषेला वेळ कशी मिळते

नव्या भाषेचा प्रवेश एकदम होत नाही. प्रथम काही कुटुंबे सणापुरती मिस्सा मागतात. मग महिन्यातील एखाद्या रविवारी दुपारी किंवा सायंकाळी, चर्च रिकामे असेल तेव्हा, मिस्सा सुरू होते. उपस्थिती टिकली, गायकवृंद उभा राहिला, त्या भाषेचा धर्मगुरू नियमित मिळू लागला, की ती साप्ताहिक होते. मध्य भारतातून घरकामासाठी व बांधकामावर आलेल्या आदिवासी कॅथलिकांच्या हिंदी मिस्सांची वाटचाल अशीच झालेली दिसते. त्यांच्या मालकांच्या जेवणाच्या वेळा सांभाळूनच त्या मिस्सेची वेळ ठरवावी लागते, ही बाब धर्मग्राम परिषदेला उशिरा कळते.

भाषेची माघारही त्याच पायऱ्यांनी होते. साप्ताहिक मिस्सा महिन्यातून एकदा होते, महिन्याची मिस्सा सणापुरती उरते. मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे चर्च बंद झाली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये उघडली, पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर 2021 मध्ये खुली झाली. या काळात घरोघरी मोबाइलवर मिस्सा पाहिली गेली. वांद्र्यात बसून वेलंकनीची तमिळ मिस्सा किंवा गोव्याची कोकणी मिस्सा पाहता येते, हे तेव्हा सर्वांना समजले. निर्बंध उठल्यावर सगळेच परतले असे नाही. ज्या भाषेच्या मिस्सेला आधीच चाळीस-पन्नास माणसे होती, तिच्यातील दहा जण घरीच राहिले, तरी ती मिस्सा चालू ठेवावी का, हा प्रश्न परिषदेपुढे येतो. आकड्यांच्या हिशेबात उत्तर सोपे असते. त्या उरलेल्या तीस-चाळीस जणांत बहुतेक वृद्ध असतात, त्यांना इंग्रजी प्रवचन कळत नाही, आणि त्यांपैकी अनेकांच्या वाडवडिलांनी हे चर्च बांधताना दगड वाहिलेले असतात. मग ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला जातो आणि पहाटे साडेसहाची मराठी मिस्सा आणखी एक वर्ष चालू राहते.